फेरफाराची नोंद

कुवेत शहराच्या दक्षिणेस, सहावा वर्तुळमार्ग ओलांडला आणि मिश्रेफची वस्ती मागे पडली, म्हणजे सबाह अल-सालेम हे उपनगर लागते. १९६५ पासून १९७७ च्या अखेरीस देहावसान होईपर्यंत ज्यांनी ह्या देशाचे अमीरपद भूषविले, त्या शेख सबाह अल-सालेम अल-सबाह यांचे नाव ह्या वस्तीने धारण केले आहे. येथील एका गल्लीत, वाळूच्या रंगाच्या विटांनी मढविलेल्या घराच्या वरच्या मजल्यावर, मी गेली एकोणीस वर्षे भाड्याने राहतो. खालच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली घरमालकांच्या मोटारी उभ्या असतात, आणि त्यांतल्या सर्वांत कोपऱ्यातल्या मोटारीवर एक जाड कापडी आच्छादन मी पहिल्या दिवसापासून पाहत आलो आहे. गेल्या फेब्रुवारीत, घरमालक निवर्तल्यानंतर काही महिन्यांनी, त्यांच्या चिरंजीवांनी ते आच्छादन काढले आणि मोटार विकण्यापूर्वी तिचे मोल ठरवावे म्हणून एका वृद्ध, जाणत्या गृहस्थास बोलाविले. मी विजेरी धरण्यास म्हणून खाली गेलो, आणि त्या दोघांचे अरबी संभाषण ऐकता ऐकता एका विलक्षण अनुभवाने थबकलो.

तो अनुभव शब्दांचा होता. मोटारीच्या नोंदणीपत्रास ते ‘दफ्तर’ म्हणत होते. इंजिन, गिअर आणि सांगाडा निर्दोष असल्याची हमी विक्रेता देतो, तिला त्यांचा शब्द होता ‘शर्त’. दोषास ‘ऐब’, मूळच्या भागास ‘असली’, मोलास ‘कीमा’, मध्यस्थास ‘दलाल’, आणि शुक्रवारच्या बाजारातील लिलावास ‘हराज’. पुणे दफ्तरातील कागद चाळलेल्या, किंवा नुसत्या आजोबांच्या तोंडून जमीनजुमल्याच्या गोष्टी ऐकलेल्या मराठी माणसास ह्यांतला कोणता शब्द परका वाटेल? आपण ज्यास हर्रास म्हणतो तो हाच हराज. आपल्या कचेरीत वकील ज्याच्या वतीने उभा राहतो तो ‘अशील’ म्हणजे मूळचा अरबी ‘असील’, स्वतः मूळ पक्षकार. आणि वकील ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून कुवेतेत मोटारींच्या अधिकृत विक्रेत्याची ‘वकाला’ आली. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी-अरबी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले, आणि पुष्कळ ठिकाणी ते रुजलेही. तथापि देवघेवीच्या जागी किंमत, दलाल, शर्त आणि हर्रास हे शब्द आपले ठाणे सोडून हलले नाहीत. ज्या शब्दांनी व्यवहार होतो, त्यांच्यावर विश्वास बसलेला असतो, हेच त्याचे कारण असावे.

मोल ठरविण्याची विद्या ह्या किनाऱ्यावर मोटारींपेक्षा फार जुनी आहे, आणि तिचा एक हात पहिल्यापासून मुंबईस टेकलेला होता. एकोणिसाव्या शतकात कुवेत आणि बसरा येथून अरबी घोडे जहाजांवर चढून मुंबईच्या तबेल्यांत येत आणि तेथून फौजेत व शर्यतीच्या मैदानावर जात. शुद्ध वंशाच्या घोड्यास अरब ‘असील’ म्हणत, म्हणजे आपल्या अशिलाचा आणि अस्सलाचा सख्खा भाऊच. घोड्याचे दात पाहून वय ठरवावे, खुरांवरून चालीचा अंदाज घ्यावा, आणि कातडीवरील प्रत्येक डाग व भोवरा लिहून ठेवावा, ही रीत आपल्याकडेही पूर्ण परिचयाची होती. अकबराच्या कारकिर्दीत, १५७० नंतरच्या दशकात, घोड्यास डागणी देण्याची आणि स्वाराचे व घोड्याचे वर्णन वहीत उतरविण्याची ‘दाग व चेहरा’ पद्धत बसविण्यात आली. कारण हजिरीच्या दिवशी उत्तम घोडा दाखवावा आणि मोहिमेवर तट्टू न्यावे, हा लबाडीचा प्रकार सरकारास सतावीत होता. मराठी फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर आणि स्वतःचे घोडे आणणारा शिलेदार असा भेद होता, आणि शिलेदाराचा घोडा हा त्याचा ऐवज असल्यामुळे त्याचे वर्णन व मोल ही शब्दशः पोटाची बाब होती. आज मोटारीच्या सांगाड्यावर जो क्रमांक ठोकलेला असतो, तो ह्याच दागाचा वंशज आहे असे मला वाटते: जिन्नस बदलला तरी ‘दाखविला तो हाच काय?’ हा प्रश्न बदललेला नाही.

घोड्यांहूनही मोठा व्यापार मोत्यांचा. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत कुवेतचे पाणबुडे समुद्राच्या तळाशी जात, आणि त्यांनी वर आणलेला माल ‘तव्वाश’ म्हणजे मोत्यांचे व्यापारी विकत घेऊन मुंबईच्या बाजारात पाठवीत. मोती प्रथम पितळेच्या, एकाहून एक लहान भोकांच्या चाळण्यांतून उतरत, मग तराजूत चढत, आणि शेवटी ‘चव’ ह्या मापाने त्यांची गणना होई. हे माप आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील जव्हेऱ्यांचे. आखातातील व्यापारी तेच वापरीत. त्याचे मर्म असे की मोत्याची चव त्याच्या वजनाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे दुप्पट वजनाच्या मोत्यास चौपट चव येते. पण वजन हा हिशेबाचा अर्धाच भाग. रंग, गोलाई आणि पाणी पाहण्यास डोळाच लागे. भाव ठरताना खरेदीदार व विक्रेता कापडाखाली एकमेकांचा हात धरीत आणि बोटांच्या दाबाने आकडा सांगत, जेणेकरून भोवती बसलेल्यांस त्याचा सुगावा लागू नये. आपल्याकडील गुरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली हात घालून सौदा करीत, तीच ही रीत.

फेरफार आणि मोल ह्या माझ्या विषयाच्या दृष्टीने ह्या व्यापारातील सर्वांत बोलकी गोष्ट मोती सोलण्याची आहे. मोती हा पापुद्र्यांवर पापुद्रे चढून झालेला असतो. वरचा थर डागाळलेला असला तर एखादा धाडसी कारागीर सूक्ष्म पात्याने तो थर काढी. खालून निर्मळ पाणी निघाले तर मोत्याचे मोल कैक पटींनी वाढे. न निघाले तर वजनही गेले आणि रूपही गेले. अशा मोत्यास खोटा म्हणता येत नसे, कारण त्यातला प्रत्येक कण समुद्राचाच होता. पण तो जसा निघाला तसा राहिलेला नव्हता, हेही नाकारता येत नसे. पुढे जपानच्या मिकिमोतोंनी शिंपल्यात हेतुपुरस्सर बीज घालून मोती वाढविले. १८९३ मध्ये त्यांना पहिले यश आले आणि १९२० च्या सुमारास त्यांचे गोल मोती युरोपच्या बाजारात उतरले, तेव्हा पारख्यांपुढे खरे संकट उभे राहिले. बाहेरून पाहून भेद कळेना. वेधाच्या भोकातून आत पाहावे, क्ष-किरणांनी गाभा तपासावा, अशी वेळ आली. पुढच्या दशकातील जागतिक मंदीने उरलेसुरले संपविले, आणि ज्या गावाची अर्धी कमाई समुद्राच्या तळाशी होती ते गाव काही वर्षे हालात सापडले.

मोटार ह्या किनाऱ्यावर आली तीही मुंबईच्या ओळखीनेच. १९१२ च्या सुमारास कुवेतचे राज्यकर्ते शेख मुबारक यांच्यासाठी बेल्जियममध्ये बनलेली मिनर्व्हा गाडी येऊन दाखल झाली. ती भेट देणारे कासिम अल-इब्राहिम हे मुंबईत पेढी असलेले मोत्यांचे व्यापारी होते. मोत्यांच्या पैशाने मोटार यावी, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. १९३८ मध्ये बुरगाण येथे तेल लागले, १९४६ च्या जूनमध्ये पहिले जहाज तेल भरून निघाले, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत अमेरिकेच्या लांबरुंद मोटारी ह्या सपाट देशात पाण्यासारख्या पसरल्या. १९६१ मध्ये दिनार येईपर्यंत येथील चलन हिंदुस्थानचा रुपया होते. १९५९ पासून तर आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटाच काढल्या होत्या. म्हणजे शेव्हरोले आणि ब्यूक ह्यांचे मोल कुवेतच्या बाजारात कित्येक वर्षे रुपयांत बोलले गेले, आणि दिनार आला तो सव्वातेरा रुपयांहून किंचित अधिक अशा दराने आला. अजूनही जुने कुवेती पैशांस ‘बैजात’ म्हणतात. तो शब्द आपल्या पैशाचाच आहे.

आता अंगणातील मोटारीकडे वळतो. ती शेव्हरोले कंपनीची कॉर्व्हेट, १९७४ सालची. कॉर्व्हेट प्रथम १९५३ मध्ये निघाली, त्या वर्षी अवघ्या ३०० आणि सगळ्या पांढऱ्या. १९६८ पासून १९८२ पर्यंत जी तिसरी पिढी निघाली, तिचे रूप लांब नाकाचे, कमरेत आवळलेले आणि चाकांवर फुगलेले आहे. तिचे अंग पत्र्याचे नसून फायबरग्लासचे असते, आणि ह्या एका गोष्टीने कुवेती पारख्याचे नेहमीचे हत्यार निकामी होते. येथील बाजारात मोटार पाहताना प्रथम ‘सिबघ अल-वकाला’, म्हणजे विक्रेत्याकडून आलेला मूळ रंग, शाबूत आहे काय हे रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राने पाहतात. पण ते यंत्र धातूवर चालते, फायबरग्लासवर नेहमीचे यंत्र मुके होते. तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांनी यंत्र खिशातच ठेवले आणि बोटांच्या पेरांनी गाडीचे अंग, वैद्य रोग्याची छाती वाजवितो तसे, इंचाइंचाने वाजवून पाहिले. जेथे आवाज जड आला तेथे भर घातलेली होती. मग ते गुडघ्यांवर बसले, पुढच्या पायजागेच्या बाजूचे आवरण त्यांनी सोडविले आणि काचेच्या खांबाच्या मुळाशी मला उजेड पाडण्यास सांगितले. कारण ह्या गाडीचे अंग गंजत नसले तरी त्याच्या आत लोखंडाचा पिंजरा असतो, आणि समुद्राकाठच्या दमट हवेत गंज नेमका तेथे, दृष्टीआड, घर करतो. पिंजरा निरोगी निघाला. ‘अल-हम्दुलिल्ला’ एवढेच ते म्हणाले.

पण खरी अडचण गंजाची नव्हती. गाडीत बदल पुष्कळ केलेले होते. मूळचे ३५० घनइंची, सुमारे पावणेसहा हजार घनसेंटिमीटरचे, दोनशेच्या आत अश्वशक्ती देणारे इंजिन काढून तेथे त्याच कंपनीचे नव्या पिढीचे, ६.२ लिटरचे, दुपटीहून अधिक शक्तीचे इंजिन बसविलेले होते. पाणी थंड करणारा रेडिएटर मोठा, पंखे विजेवर चालणारे, वातानुकूलन नवे, चाके रुंद, बैठकींचे चामडे बदललेले. घरमालकांनी ह्या सगळ्यावर किती दिनार खर्चिले त्याच्या पावत्या एका पिशवीत होत्या, आणि चिरंजीवांची समजूत अशी की गाडीची मूळ किंमत आणि ह्या पावत्यांची बेरीज मिळून जो आकडा होईल तेच तिचे मोल. ही समजूत स्वाभाविक आहे आणि ती जगभर आढळते; पण खर्च आणि मोल ही दोन वेगळी खाती आहेत. खर्च हा करणाऱ्याच्या हौसेचा हिशेब आहे, मोल हा घेणाऱ्याच्या विश्वासाचा. ज्याला जुनी कॉर्व्हेट हवी त्याला ती कारखान्यातून निघाली तशी हवी असते, आणि ज्याला वेग हवा तो नवी गाडी घेऊ शकतो. फेरफार केलेली जुनी गाडी ह्या दोघांच्या मध्ये उभी राहते, आणि तिच्यासाठी आवड नेमकी जुळणारा तिसराच माणूस शोधावा लागतो. म्हणून पाश्चात्त्य संग्राहकांचा सर्वसाधारण दंडक असा झाला आहे की प्रत्येक बदल हा मोलातून वजा करावा, आणि जो बदल पुन्हा काढता येतो व ज्याचे मूळ भाग जपून ठेवले आहेत, तो तेवढा क्षम्य मानावा.

ह्या दंडकाचा उत्तरार्ध मला मान्य आहे; पूर्वार्ध जसाच्या तसा कुवेतेत लागू करण्यास माझे मन घेत नाही. ह्याच देशात, वायव्येकडील मित्रीबा येथे, २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस उष्णतेची नोंद झाली. अमेरिकेच्या समशीतोष्ण रस्त्यांसाठी आखलेली, लांब चपट्या नाकातून थोडीच हवा आत घेणारी गाडी जर ह्या भट्टीत पन्नास वर्षे चालती राहायची असेल, तर मोठा रेडिएटर ही तिची चैन नव्हे, तिचा श्वास आहे. कोकणातल्या घराने पावसासाठी पडवी पुढे ओढली तर घराचे घरपण उणे होत नाही. ज्या बदलामुळे वस्तू आपल्या गावी जगली, तो बदल तिच्या इतिहासाचा भाग समजून जमेस धरावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते, आणि त्या वृद्ध गृहस्थांचेही मत तेच निघाले. रेडिएटरपुढे उभे राहून त्यांनी नुसते डोके हलविले आणि पुढे गेले.

ते थांबले गाडीच्या मागे. १९७४ ची कॉर्व्हेट ओळखण्याची एक निश्चित खूण आहे. अमेरिकेतील सुरक्षिततेच्या नियमांमुळे १९७३ मध्ये तिच्या पुढच्या आणि १९७४ मध्ये मागच्या क्रोमच्या पट्ट्या जाऊन तेथे लवचीक, रंगीत आवरण आले. आणि हे मागचे आवरण १९७४ ह्या एकाच वर्षी दोन तुकड्यांचे होते, मधोमध उभी सांध असलेले. पुढच्या वर्षापासून ते एकसंध झाले. त्यांनी अंगठा मधोमध ठेवला आणि वरून खाली सावकाश फिरविला. सांध नव्हती. कोणा रंगाऱ्याने, आवरण सफाईदार दिसावे म्हणून, ती भरून, घासून, वर रंग चढविला होता. दोनदा, तीनदा अंगठा फिरला. त्यांच्या मुद्रेवर जी खिन्नता उतरली ती इंजिन बदललेले पाहूनही उतरली नव्हती, आणि मला तिचे कारण चटकन उमगले: इंजिनाचा बदल दफ्तरात नोंदलेला होता, हा बदल कोठेही लिहिलेला नव्हता. एका बदलाने गाडीचे सामर्थ्य पालटले, दुसऱ्याने तिचे साल पुसले.

आपल्या गावच्या चावडीत तलाठ्याकडे गाव नमुना सहा असतो. त्यास फेरफार नोंदवही म्हणतात. जमीन विकली, वाटली, वारसाने गेली, गहाण पडली की तेथे क्रमांकवार, तारीखवार नोंद होते, आणि प्रमाणित झालेल्या नोंदीच्या आधारे सातबाराचा उतारा बदलतो. जमिनीत फेरफार झाला म्हणून तिची किंमत कोणी पाडत नाही. फेरफार झाला पण नोंद नाही, हे कळताच मात्र घेणारा हात मागे घेतो. मोटारीच्या फेरफारास मराठीत आपण तोच शब्द वापरतो, हे त्या दिवशी मला प्रथमच जाणवले, आणि मी माझ्या मोडक्या अरबीत त्यांना ते सांगण्याचा यत्न केला. ते ऐकून त्यांनी मला घरातून एक कोरा कागद आणावयास सांगितला.

मग तासभर आम्ही तिघांनी ती नोंदवही केली. काय बदलले, कोणत्या साली, कशासाठी, मूळ भाग कोठे आहे, असे चार रकाने मी आखले. चिरंजीव पावत्यांवरून साले सांगत गेले. गाडीच्या खाली, सांगाड्याच्या दोन्ही अंगांस, चार ठिकाणी पोचे होते. त्यांचा उलगडा पावत्यांत नव्हता, म्हणून वृद्ध गृहस्थांनी विचारले. चिरंजीव काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितले की २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा देशात शिरल्या आणि रस्त्यांवरून, अंगणांतून, दुकानांतून मोटारी हाकून नेल्या जाऊ लागल्या, तेव्हा वडिलांनी एका रात्रीत ह्या गाडीची चारही चाके काढली, ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर उपसला, सगळे जमिनीखालच्या रिकाम्या पाण्याच्या टाकीत लपविले, आणि गाडी विटांवर बसविली. सैनिक दोनदा आले आणि न हलणारे धूड पाहून परत गेले. २६ फेब्रुवारी १९९१ पर्यंत, जवळजवळ सात महिने, ती त्या विटांवर होती. तेच हे पोचे. पारख्यांनी मला ती नोंद सर्वांत वर घ्यावयास लावली आणि मूळ भागाच्या रकान्यात काहीही लिहू नका म्हणाले.

शेवटी मूळ इंजिनाचा प्रश्न राहिला. ते मागच्या कोठारात, ताडपत्रीखाली, लाकडी ओंडक्यांवर होते. ह्या इंजिनाच्या पुढच्या टोकास, उजव्या बाजूच्या सिलिंडरांच्या रांगेपुढे, बोटभर रुंदीची एक सपाट जागा असते, आणि तेथे कारखान्याचे संकेताक्षर व गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे अंक ठोकलेले असतात. खोटे इंजिन खपविणारा ही जागा घासून नवे अंक ठोकतो. पण कारखान्याच्या यंत्राने त्या पृष्ठावर उमटविलेल्या केसासारख्या बारीक, समांतर रेषा त्या घासण्यात नाहीशा होतात आणि पुन्हा सहजी उमटविता येत नाहीत. वृद्ध गृहस्थांनी रॉकेलात भिजविलेल्या चिंधीने तेलाची पन्नास वर्षांची साय पुसली. मी विजेरी तिरपी धरली. रेषा दिसल्या, एका अंगाने दुसऱ्या अंगाकडे सरळ गेलेल्या, आणि त्यांच्या पोटात अंक. ते एकेक अंक मोठ्याने वाचू लागले आणि चिरंजीव दफ्तरावर बोट ठेवून तो तो अंक उच्चारीत गेले. शेवटच्या अंकापर्यंत दोघांचे आवाज बरोबर पडले.

परत छपराखाली आल्यावर चिरंजीवांनी आकडा विचारला. आता मोटारींच्या व्यवहारात रोख रक्कम चालत नाही. २०२४ पासून सरकारने तशी मनाई केली आहे, आणि आकडा जो ठरेल तो बँकेमार्फत सर्वांस दिसेल असाच जाणार. तरी त्या गृहस्थांनी खांद्यावरील गुत्र्याचे, म्हणजे शिरोवस्त्राचे, टोक पुढे ओढले, चिरंजीवांचा उजवा हात त्याखाली घेतला आणि त्यांची बोटे दाबली. तरुणास ती खूण कळली नाही. तेव्हा त्यांनी हात न सोडता, पहिल्या बोटापासून, अगदी सावकाश, पुन्हा आरंभ केला. मी विजेरी मालवली आणि जिन्याकडे वळलो.